ईगल नाशिक टायटन्स

ईगल नाशिक टायटन्स : महाराष्ट्र प्रीमियर लीग या वीस षटकांच्या साखळी स्पर्धेतील, नाशिक नगराचे नाव धारण करणारा व्यावसायिक क्रिकेट संघ. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या अधिकारक्षेत्रात ही स्पर्धा जून २०२३ मध्ये नव्या स्वरूपात सुरू झाली आणि तिच्याबरोबरच हा संघही अस्तित्वात आला. त्याच्या नावातील ‘ईगल’ हा शब्द संघ चालविण्याचा हक्क घेणाऱ्या ईगल इन्फ्रा इंडिया या बांधकामक्षेत्रातील कंपनीचा निदर्शक आहे. राष्ट्रीय पातळीवरील इंडियन प्रीमियर लीग ही भारतातील प्रथम श्रेणीची व्यावसायिक स्पर्धा मानल्यास राज्य पातळीवरील अशा स्पर्धा या तिच्या खालच्या पायरीवरील, म्हणजे दुय्यम व्यावसायिक स्पर्धा ठरतात. त्यामुळे या संघाच्या उत्पत्तीचा विचार करताना दुय्यम व्यावसायिक संघांची कल्पना, भारतातील वेतनी क्रिकेटची परंपरा आणि नाशिक जिल्ह्यातील क्रिकेटची स्थिती, या तिन्हींचा परामर्श घेणे आवश्यक ठरते.

दुय्यम व्यावसायिक संघांची कल्पना : मोठ्या शहरांतील अग्रगण्य संघांखेरीज लहान शहरांतही वेतनी खेळाडूंचे संघ असावेत आणि त्यांतून गुणी खेळाडू वर जावेत, ही पद्धत मुख्यतः उत्तर अमेरिकेत विकसित झाली. बेसबॉलमधील दुय्यम साखळ्यांची मध्यवर्ती संघटना १९०१ मध्ये स्थापन झाली आणि १९२० च्या सुमारास सेंट लुइस येथील संघाचा व्यवस्थापक ब्रँच रिकी याने लहान गावांतील संघ आपल्या मुख्य संघाशी जोडून खेळाडू घडविण्याची शिस्तबद्ध व्यवस्था निर्माण केली. बर्फावरील हॉकी या खेळात पूर्णपणे व्यावसायिक अशी पहिली साखळी १९०४ मध्ये सुरू झाली. पुढे १९३६ मध्ये दोन लहान साखळ्यांच्या एकत्रीकरणातून अमेरिकन हॉकी लीग ही दुय्यम साखळी आकारास आली. या साखळीतील संघ हा सामान्यतः नॅशनल हॉकी लीगमधील एखाद्या संघाशी संलग्न असतो. वरच्या संघात जागा रिकामी झाली, की खालच्या संघातील खेळाडूस बोलावणे येते व गरज संपली, की त्यास परत पाठविले जाते. या व्यवस्थेत खेळाडू वर चढतो, संघ मात्र आहे तेथेच राहतो.

अशा संघांच्या उत्पत्तीचे एक बोलके उदाहरण म्हणजे पेनसिल्व्हेनिया राज्यातील हर्शी या गावचा हर्शी बेअर्स हा बर्फावरील हॉकीचा संघ. मिल्टन हर्शी या चॉकोलेट कारखानदाराने वसविलेल्या या गावात १९३२ मध्ये संघाची सुरुवात झाली. १९३६ मध्ये गावातच सुमारे सात हजार प्रेक्षकांची सोय असलेले बंदिस्त क्रीडागृह उभारण्यात आले आणि १९३८ मध्ये संघाने अमेरिकन हॉकी लीगमध्ये प्रवेश केला. संघाचा पोशिंदा एक उद्योगसमूह होता, हे खरे. परंतु त्याने संघाबरोबर गावाला क्रीडागृहही दिले. वरच्या साखळीतील कोणत्या संघाशी संलग्नता ठेवावयाची, हे वेळोवेळी बदलत गेले, तरी गाव व क्रीडागृह यांचा आधार न सुटल्याने हा संघ नव्वदीपार टिकून राहिला.

क्रिकेटमध्ये याच्याशी तुल्य अशी जुनी परंपरा इंग्लंडमधील लँकाशर परगण्यात आढळते. १८९२ मध्ये या नावाने सुरू झालेल्या लँकाशर लीगमध्ये कापडगिरण्यांच्या लहान गावांचे क्लब भाग घेत. क्लबातील बाकीचे खेळाडू हौशी, गावातच कामधंदा करणारे असत व त्यांच्या जोडीला एक नामवंत खेळाडू वेतनावर नेमला जाई. वेस्ट इंडीजचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ ते १९३७ या काळात नेल्सन या गावाच्या क्लबाकडून खेळले. भारताचे अमरसिंग, लाला अमरनाथ व मूळचे सांगलीचे विजय हजारे यांनीही लँकाशरमधील क्लबांकडून वेतनावर क्रिकेट खेळले. येथे व्यावसायिक खेळाडू बाहेरचा असला, तरी क्लब, मैदान व वर्गणीदार गावाचेच असत. भारतीय खेळाडूंना आपल्या देशात जी अर्थप्राप्ती होत नव्हती, ती त्यांना परदेशातील लहान गावांत झाली, ही बाब लक्षणीय आहे.

भारतातील वेतनी क्रिकेट : इंग्लिश क्रिकेटमध्ये हौशी आणि धंदेवाईक असा भेद दीर्घकाळ पाळला गेला व तो १९६२ मध्ये अधिकृतपणे रद्द झाला. भारतात या भेदाला जातिभेदाचीही जोड मिळाली. थोर डावखुरे गोलंदाज पाळवणकर बाळू हे १८९० च्या दशकात पुण्यातील यूरोपियनांच्या जिमखान्यात दरमहा ४ रुपये वेतनावर मैदानाची निगा राखण्याचे काम करीत. इंग्रज खेळाडूंना सरावासाठी गोलंदाजी करणे, हे त्यांच्या कामात मोडत असे. फलंदाजीची संधी मात्र त्यांना दिली जात नसे. त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंडच्या दौऱ्यात ११४ बळी मिळविले. तथापि दलित समाजातील असल्याने हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांच्या वाट्यास आले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते १९२३ मध्ये मिळाले.

पुढील काळात वेतनी क्रिकेटचा भार संस्थानिकांनी व स्वातंत्र्योत्तर काळात रेल्वे, बँका, कापडगिरण्या आणि मोठ्या कंपन्या यांनी उचलला. खेळाडू नावापुरता हौशी असे. प्रत्यक्षात त्याची उपजीविका खेळामुळे मिळालेल्या नोकरीवर चाले. या व्यवस्थेने खेळाडूस स्थैर्य दिले. परंतु अशा नोकऱ्या मुंबईसारख्या शहरांत एकवटलेल्या असल्याने जिल्ह्याच्या गावातील गुणी खेळाडूस गाव सोडणे भाग पडे.

नाशिकमध्ये जन्मलेले रमेशचंद्र गंगाराम ऊर्फ बापू नाडकर्णी (४ एप्रिल १९३३–१७ जानेवारी २०२०) यांची कारकीर्द या काळाची द्योतक आहे. १९५१–५२ पासून ते महाराष्ट्राकडून व १९६० नंतर मुंबईकडून खेळले. ते असोसिएटेड सिमेंट कंपनीत नोकरीस होते. ४१ कसोटी सामन्यांत त्यांनी १,४१४ धावा केल्या व ८८ बळी घेतले. जानेवारी १९६४ मध्ये मद्रास येथे इंग्लंडविरुद्ध त्यांनी लागोपाठ २१ निर्धाव षटके टाकली. त्या डावातील ३२ षटकांत त्यांनी केवळ ५ धावा दिल्या. एकही धाव न देता चेंडूमागून चेंडू टाकीत राहणे, हे ज्याचे वैशिष्ट्य होते, अशा गोलंदाजाच्या जन्मगावाच्या नावाने पुढे वीस षटकांच्या, षट्‌कारांच्या क्रिकेटचा संघ निघावा, यावरून दोन कालखंडांतील अंतर स्पष्ट होते.

नाशिक जिल्ह्यातील क्रिकेट : रणजी करंडक स्पर्धा १९३४–३५ मध्ये सुरू झाली. मुंबई व विदर्भ वगळता राज्याचा उर्वरित भाग क्रिकेटच्या दृष्टीने महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतो. दिनकर बळवंत देवधर यांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने १९३९–४० व १९४०–४१ असा लागोपाठ दोनदा रणजी करंडक जिंकला. त्यानंतर मात्र तो पुन्हा जिंकता आला नाही. संघटनेचे केंद्र प्रथमपासून पुणे हेच राहिले. २०१२ मध्ये पुण्याजवळ गहुंजे येथे संघटनेचे स्वतःचे क्रीडागार खुले झाल्यानंतर हे केंद्रीकरण अधिकच दृढ झाले. संलग्न जिल्हा संघटनांकडे आंतरजिल्हा स्पर्धा, वयोगटांच्या निवडचाचण्या व स्थानिक सामने यांचे काम राहिले.

नाशिकमधील क्रिकेटचे मुख्य स्थान म्हणजे हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. गोल्फ क्लब मैदान या जुन्या नावानेही ते ओळखले जाते. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात जिल्हाधिकारी जॅक्सन याचा वध करणाऱ्या अनंत कान्हेरे यांचे नाव त्यास देण्यात आले आहे. या मैदानावर रणजी करंडकाचे सामने झाले असून जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र व बडोदे यांच्यातील सामना येथेच खेळला गेला. अलीकडच्या काळात नाशिक जिल्ह्याने डावखुरे फिरकी गोलंदाज सत्यजित बच्छाव, अष्टपैलू रामकृष्ण घोष, डावखुरा सलामीवीर साहिल पारख आणि सिन्नरची लेगस्पिन गोलंदाज माया सोनवणे असे खेळाडू दिले. घोष यांना नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात चेन्नई संघाने ३० लक्ष रुपयांस घेतले. पारख यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये पुदुच्चेरी येथे ऑस्ट्रेलियाच्या १९ वर्षांखालील संघाविरुद्ध नाबाद १०९ धावा केल्या. सोनवणे या २०२२ च्या महिलांच्या टी-२० चॅलेंज स्पर्धेत खेळल्या. सारांश, नाशिकमध्ये खेळाडू व मैदान दोन्ही होते. नव्हता तो वेतनी खेळाडूंचा संघ.

राज्यस्तरीय साखळ्यांचा उदय : वीस षटकांचे क्रिकेट इंग्लंडमध्ये २००३ साली सुरू झाले. २००७ मध्ये भारताने या प्रकारातील पहिली जागतिक स्पर्धा जिंकली आणि २००८ मध्ये इंडियन प्रीमियर लीगचा प्रारंभ झाला. संघ चालविण्याचा हक्क बोली लावून उद्योगसंस्थांना विकणे व खेळाडूंचा लिलाव करणे, ही पद्धत तिने भारतात रूढ केली. लवकरच राज्य संघटनांनी हाच नमुना लहान प्रमाणावर राबविला. कर्नाटकात २००९, तमिळनाडूत २०१६, मुंबईत २०१८ व सौराष्ट्रात २०१९ मध्ये अशा साखळ्या सुरू झाल्या. त्यांत त्या त्या राज्य संघटनेकडे नोंदलेल्या खेळाडूंनाच प्रवेश असल्याने स्थानिक खेळाडूंना दूरचित्रवाणीवर आणि वरच्या संघांच्या निवडकर्त्यांपुढे येण्याची संधी लाभली.

या वाढीबरोबर धोकेही आले. मानधन अल्प, पैजेचा बाजार मोठा व देखरेख तुटपुंजी, अशा ठिकाणी गैरव्यवहारास वाव असतो. कर्नाटक प्रीमियर लीगमधील सामनेनिश्चितीच्या प्रकरणी २०१९ मध्ये बंगलोर पोलिसांनी अटका केल्या व ती स्पर्धा पुढे चालू राहिली नाही. २०२२ मध्ये तेथे महाराजा करंडक या नावाने नवी स्पर्धा सुरू करण्यात आली. उद्योगसंस्थेच्या हक्कावर उभा असलेला संघ किती अल्पजीवी ठरू शकतो, याचा अनुभव पुण्यालाही होता. इंडियन प्रीमियर लीगमधील पुण्याचा पहिला संघ २०११ ते २०१३ व दुसरा २०१६ ते २०१७ एवढाच काळ टिकला.

संघाची स्थापना : जानेवारी २०२३ मध्ये रोहित पवार हे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष झाले व त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्र प्रीमियर लीग भरविण्यात आली. पुणे, कोल्हापूर, नाशिक, रत्नागिरी, सोलापूर व छत्रपती संभाजीनगर या सहा ठिकाणांच्या नावांचे हक्क बोलीने देण्यात आले. तीन वर्षांच्या या हक्कांपोटी सहा संघांच्या मिळून सुमारे ५७ कोटी ८० लक्ष रुपयांच्या बोली लागल्या. खेळाडूंच्या लिलावात मात्र प्रत्येक संघास २० लक्ष रुपयांची खर्चमर्यादा होती. सर्वाधिक, म्हणजे ६ लक्ष रुपयांची बोली कोल्हापूरच्या संघाने नौशाद शेख यांच्यासाठी लावली. सहा संघांची लिलावातील मर्यादा एकत्र केली, तरी ती १ कोटी २० लक्ष रुपये होते. संघाच्या नावाचे मूल्य आणि त्या नावाने खेळणाऱ्यांचे मूल्य यांतील ही तफावत दुय्यम व्यावसायिक खेळाचे अर्थकारण पुरेसे स्पष्ट करते.

प्रत्येक संघास एक प्रमुख खेळाडू लिलावाबाहेर देण्यात आला. पुण्यास ऋतुराज गायकवाड, कोल्हापूरला केदार जाधव व नाशिकला राहुल त्रिपाठी मिळाले. त्रिपाठी यांचा जन्म रांचीचा व क्रिकेटची जडणघडण पुण्याची. २०१७ च्या मोसमात पुण्याच्या इंडियन प्रीमियर लीगमधील संघातून ते प्रथम प्रकाशात आले होते. उरलेले खेळाडू लिलावातून आल्याने संघाची घटना जिल्ह्याच्या सीमा मानणारी नव्हती. सोलापूरचा खेळाडू नाशिककडून, तर नाशिकचा खेळाडू अन्य कोणत्याही संघाकडून खेळू शकत होता. शिवाय स्पर्धेचे सामने गहुंजे येथेच भरविण्यात आल्यामुळे नाशिकच्या प्रेक्षकास आपल्या नगराचा संघ पाहण्यासाठी दोनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करणे किंवा दूरचित्रवाणीवर समाधान मानणे, एवढेच पर्याय उरले.

कामगिरी : पहिल्या मोसमात नाशिकच्या संघाला देशभर प्रसिद्धी मिळाली ती अर्शीन कुलकर्णी या अठरा वर्षांच्या खेळाडूमुळे. सोलापूरमध्ये जन्मलेल्या (१५ फेब्रुवारी २००५) या अष्टपैलू खेळाडूने जून २०२३ मध्ये पुण्याच्या पुणेरी बाप्पा संघाविरुद्ध ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या. त्यांत १३ षट्‌कार होते. त्याच सामन्यात मध्यमगती गोलंदाजी करून त्याने ४ बळीही घेतले आणि नाशिकने तो सामना अवघ्या एका धावेने जिंकला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लखनौच्या संघाने त्यास २० लक्ष रुपयांस घेतले. २०२४ च्या प्रारंभी दक्षिण आफ्रिकेत झालेल्या १९ वर्षांखालील जागतिक स्पर्धेत त्याने अमेरिकेविरुद्ध शतक केले व त्याच वर्षी इंडियन प्रीमियर लीगमध्ये पदार्पण केले. जिल्ह्याच्या क्रिकेटमधून राष्ट्रीय पातळीवर जाण्यास पूर्वी जी अनेक वर्षे लागत, ती वाट येथे एका मोसमात आक्रमिली गेली. दुय्यम साखळीच्या पद्धतीला जे अभिप्रेत असते, ते या उदाहरणात नेमके घडून आले.

पहिल्या मोसमाचा अंतिम सामना रत्नागिरी जेट्‌स व कोल्हापूर टस्कर्स यांच्यात होता. तो पावसामुळे होऊ न शकल्याने साखळीत अग्रस्थानी असलेल्या रत्नागिरीस विजेता घोषित करण्यात आले. २०२४ मध्ये नाशिकने अंतिम फेरी गाठली. मात्र रत्नागिरीनेच तीत विजय मिळवून विजेतेपद राखले. २०२५ मध्ये नाशिकने प्रथमच विजेतेपद मिळविले. या तीन वर्षांत स्पर्धेतील संघांची यादी स्थिर राहिली नाही. प्रारंभीच्या सहांपैकी सोलापूर व छत्रपती संभाजीनगर यांचे संघ गेले आणि रायगड व सातारा यांच्या नावांचे संघ आले. नाशिकचे नाव मात्र टिकून राहिले.

मूल्यमापन : ईगल नाशिक टायटन्स या संघाचा उगम एखाद्या जुन्या क्लबातून, गिरणीतून वा आखाड्यातून झालेला नाही, तो हक्कांच्या विक्रीतून झाला आहे. नाव नगराचे, हक्क कंपनीचा, खेळाडू लिलावातील व मैदान पुण्याजवळचे, अशी त्याची घडण आहे. केवळ एवढ्यावरून त्यास कृत्रिम ठरविणे उचित होणार नाही. हर्शीचा संघही उद्योगसमूहानेच काढला होता आणि नेल्सनचा नायक कॉन्स्टंटाइन हाही बाहेरून आणलेला होता. परंतु हर्शीत क्रीडागृह गावातच होते व नेल्सनमध्ये क्लब गावकऱ्यांच्या वर्गणीवर चाले. नगर आणि संघ यांना जोडणारा हा दुवा नाशिकच्या बाबतीत पहिल्या तीन मोसमांत निर्माण झाला नाही.

तरीही या संघाने व या स्पर्धेने एक बदल घडविला, हे मान्य करावे लागते. बाळूंना सरावाची गोलंदाजी करण्यापुरते वेतन मिळाले आणि हजारे यांना क्लबाच्या वेतनासाठी लँकाशरला जावे लागले. जिल्ह्यातील आजच्या तरुण खेळाडूस राज्यातच, अल्प का होईना, खेळाचेच वेतन मिळू लागले असून वरच्या संघांचे दारही त्यास जवळ आले आहे. मात्र दुय्यम साखळीचा लाभ खेळाडूपुरता मर्यादित राहिला, तर तो वर गेल्यावर नगराजवळ काही उरत नाही. कान्हेरे मैदानावर या संघाचे सामने होणे, जिल्हा संघटनेच्या प्रशिक्षणव्यवस्थेशी त्याचा संबंध जुळणे व जिल्ह्यातील काही खेळाडूंना त्यात निश्चित स्थान मिळणे, या गोष्टी घडून आल्यासच नाशिकचे नाव धारण करणारा हा संघ नाशिकचा संघ या पदवीस पोहोचू शकेल. तशी जोड न मिळाल्यास हक्कांची मुदत हीच अशा संघाच्या आयुष्याचीही मर्यादा ठरण्याचा संभव असतो, असे पुणे व सोलापूर यांच्या संघांच्या इतिहासावरून दिसून येते.